साक्षीदाराला न दाखवलेला कागद

दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, उपनगरातल्या एका दिवाणी कोर्टात पिंजऱ्यात उभ्या असलेल्या साक्षीदाराने त्याला अजून न दाखवलेल्या कागदाचं वर्णन केलं.

प्रश्न आमच्या सरांनी, म्हणजे ऑफिसच्या मुख्य वकिलांनी, विचारला होता. "तुमच्या बहिणीला त्या खोलीबद्दल तुम्ही कधी काही लिहून दिलं होतं का?"

उत्तर 'नाही' असं येणार होतं. त्याने आधी दिलेल्या लेखी कैफियतीत तसंच होतं. 'नाही' आलं की सर फाइलमधून कागद काढून त्याच्यापुढे धरणार होते. त्याऐवजी तो म्हणाला, "लिहून नाही दिलं. बापूस वारल्यावर बाराव्याला तिनं कोऱ्या फुलस्केपवर माझी सही घेतली. खाली, डाव्या अंगाला. वरचा मजकूर मास्तरांनी मागाहून भरला. मास्तर आता नाहीत."

सरांचा हात फाइलवर होता. तो तिथेच राहिला.

मी शेवटच्या बाकावर होते. कोर्टात जाणं हे माझं काम नव्हतं. त्या दिवशी सर पहिल्यांदाच टॅब्लेटवरून उलटतपासणी घेत होते आणि तो मध्येच बंद पडला तर, म्हणून मला नेलं होतं. टॅब्लेट बंद पडला नाही. मी वहीत वेळ लिहिली. वेळ लिहिण्याची सवय जुन्या नोकरीतली आहे.

जुनी नोकरी एका मराठी दैनिकात होती, उपसंपादकाची, एकोणीस वर्षं. उपनगरांची पुरवणी बंद झाली तेव्हा आम्हा सहा जणांना एकाच दुपारी घरी पाठवलं. विलेपार्ले पूर्वेला एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक वकिली ऑफिस होतं. नऊ वकील, बहुतेक कामं जागेची आणि घरातल्या वाटण्यांची. तिथे मला इंग्रजी कागदांची मराठी भाषांतरं तपासायला घेतलं. वर्षभरात एका सकाळी ऑफिसमधल्या सगळ्या फाइली उघडेनाशा झाल्या. कुणीतरी मेलवर आलेली बनावट नोटीस उघडली होती. बॅकअपची डिस्क कपाटात होती, पण ती आठ महिन्यांपूर्वी शेवटची जोडली होती. सरांनी त्या आठवड्यात मला बोलावलं.

"तुम्हाला कॉम्प्युटर किती कळतो?"

"पानं लावण्यापुरता."

"पण शिस्त आहे तुमच्याकडे. बाकी शिकून घ्या."

मी अंधेरीला रविवारच्या वर्गात सात महिने शिकले. मग ऑफिसचा सगळा डेटा, मशिनं, पासवर्ड आणि कागदपत्रांची कपाटं माझ्याकडे आली.

तोवरची पद्धत अशी होती. ऑफिसचा एकच मेल आणि तो नऊ वकील, तीन कारकून, एक रिसेप्शनिस्ट असे सगळे उघडत. पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलेला. नवा मसुदा कधीच नवा नसे. मागच्या अशिलाचा उघडायचा, नावं बदलायची, पुढे जायचं. त्यामुळे मुलुंडच्या एका गृहस्थांच्या मृत्युपत्रात घाटकोपरच्या एका बाईंच्या पाटल्या शिल्लक राहिल्या होत्या. गृहस्थांनी सही केली. पाटल्या त्यांच्या पत्नीने वाचल्या आणि विचारलं, "ह्या कुणाच्या?" पेन ड्राइव्ह कुणाचा कुठला हे कुणाला माहीत नव्हतं. मूळ खरेदीखतं पिशवीतून फिरत.

मी नियम केले. चार पानं झाली. पेन ड्राइव्ह बंद. प्रिंट काढायची तर प्रत्येकाचा स्वतंत्र कोड, तो दर तीन महिन्यांनी संपणार आणि माझ्याकडूनच पुन्हा सुरू होणार. दुसऱ्याचा कोड वापरायचा नाही. प्रत्येक प्रिंटच्या तळाशी बारीक अक्षरात कोड, तारीख, वेळ. मूळ कागद लोखंडी कपाटात. बाहेर काढताना नोंदवहीत सही, आणि कोर्टाची तारीख असल्याशिवाय तो ऑफिसच्या दाराबाहेर जाणार नाही. अशिलाची माहिती बाहेर फुटली तर तीन दिवसांच्या आत अशिलाला लेखी कळवायचं.

नियमांना पहिला विरोध काकांनी केला. काका म्हणजे कोर्टाचं काम बघणारे कारकून. दहिसरला राहायचे, मूळचे मालवणकडचे, ऑफिसात अठ्ठावीस वर्षं. सगळे त्यांना काकाच म्हणत.

"मॅडम, तुमचो कोड म्हणजे आमच्या देवीचो कौल झालो," ते म्हणाले. "तीन महिन्यांनी परत लावूक होयो. नि देवी रजेवर असली तर?"

"देवी रजेवर जात नाही, काका."

"बघूया."

विरोध करूनही नियम सगळ्यांत काटेकोर त्यांनीच पाळले. नोंदवहीतली त्यांची प्रत्येक सही वेळेसकट आहे. वकिलांच्या सह्या मला मागे लागून घ्याव्या लागत.

ज्या खोलीचा दावा होता ती पश्चिम किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात आहे. आमची अशील पंचावन्नच्या आसपासची, विधवा, मासळी विकणारी. घर वडिलांचं. मागचा भाग भावाचा, पुढची खोली हिची. खोलीचं दार थेट बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत उघडत होतं. पहाटे होडीवरची मासळी तिथपर्यंत हातगाडीने येई, तिथे तिच्या चार बर्फाच्या पेट्या होत्या, आणि नऊपर्यंत ती अंधेरीच्या बाजारात बसलेली असे. भावाला घर पाडून तीन मजले चढवायचे होते. पुढच्या खोलीच्या जागी जिना येणार होता. त्याचं म्हणणं, खोली माझीच, बहिणीला मी राहू दिलं. तिचं म्हणणं, बापाने हयातीत मला दिली आणि भावाने ते मान्य केलं होतं.

पहिल्या भेटीत तिने सरांना प्रकरण एका वाक्यात सांगितलं. "साहेब, घर गेला तर मी कुठंपन झोपन. बरफ कुठं झोपवू?"

मग पदराखालून पितळी डबा काढला. त्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला फुलस्केप होता. शाळेतल्या मास्तरांच्या अक्षरात सहा ओळी: पुढची खोली वडिलांनी बहिणीला दिली असून माझा तिच्यावर हक्क नाही. खाली डाव्या बाजूला भावाची सही. दोन साक्षीदार, दोघेही वारलेले. कागद नोंदणीकृत नव्हता. सरांनी तो दोनदा वाचला. ते म्हणाले, एवढ्याने खोली तिची ठरणार नाही. पण भाऊ शपथेवर 'काही लिहून दिलं नाही' म्हणाला आणि मग त्याचीच सही त्याच्यापुढे ठेवली, तर त्याच्या बाकीच्या साक्षीवरही कोर्टाचा विश्वास राहणार नाही. विरुद्ध बाजूच्या साक्षीदारापुढे ठेवायचा कागद आधी दाखवला पाहिजे असं कायदा म्हणत नाही. म्हणून तो कपाटात राहिला.

"घरात कुणाला माहीत आहे?" सरांनी तेव्हाच विचारलं होतं.

"सुनेलापन नाय दाखवला. देवामागं होता."

त्या कागदाची माहिती चौघांना होती. ती, सर, काका आणि मी.

मंगळवारी कोर्टातून बाहेर आल्यावर सरांनी तिला व्हरांड्यात खांबापाशी उभं केलं.

"बाई, खरं सांगा. कुणाला बोललात?"

"नाय."

"भावाशी भांडताना तोंडातून गेलं असेल."

"साहेब, सहा वर्सा तो माझ्याशी बोलत नाय. भांडायला समोर तोंड नको का?"

"मग त्याला सही कुठल्या बाजूला आहे हे कसं कळलं?"

"सही त्यानंच केली ना. त्याला म्हाईतच हाय."

"सहीचं नाही विचारत मी. हा कागद अजून आहे आणि आज तो पुढे येणार, हे त्याला कुणी सांगितलं?"

काका फाइलींचं गाठोडं छातीशी धरून तीन पावलांवर उभे होते.

दुसऱ्या दिवशी सर मला म्हणाले, "सिस्टिम बघा. आपल्याकडून गेलं नसेल, पण बघा."

मी पाहिलं. कागदाचं स्कॅन तीन वेळा उघडलेलं होतं. दोनदा सरांनी, एकदा मी. मेलने कुठे गेलेलं नाही. कुणी उतरवून घेतलेलं नाही. प्रिंट एकही नाही. नोंदवहीत मूळ कागद एकदाच बाहेर आला होता, सुनावणीच्या आधीच्या गुरुवारी: काकांची सही, तीन वाजून वीस मिनिटांनी काढला, तीन पस्तीसला परत ठेवला. पंधरा मिनिटं. दाराच्या कॅमेऱ्यात त्या पंधरा मिनिटांत कुणी बाहेर गेलेलं दिसत नव्हतं.

मी सरांना सांगितलं की नोंदी स्वच्छ आहेत.

"म्हणजे बाईच," सर म्हणाले.

दुपारी मी उलटतपासणीची फाइल कपाटात लावत होते. त्यात त्या कागदाच्या तीन प्रती होत्या. एक कोर्टासाठी, एक साक्षीदारापुढे धरायला, एक समोरच्या वकिलांना द्यायला. वापरायची वेळच आली नव्हती. प्रिंट एकही काढलेली नाही असं सिस्टिम सांगत होती आणि माझ्या हातात तीन प्रती होत्या. मी तळाची ओळ शोधली. कोड, तारीख, वेळ, काहीच नव्हतं. कागद आमच्याकडच्यापेक्षा जाड होता. तिन्ही प्रतींवर खालच्या उजव्या कोपऱ्यात एक राखाडी गोलसर डाग होता. तो अंगठ्याची सावली होती. हा फोटो होता.

काका चहाच्या खिडकीपाशी होते.

"काका, या प्रती कुठे काढल्या?"

त्यांनी प्रती हातात घेतल्या नाहीत. "कोर्टासमोर. आपली नेहमीची झेरॉक्सवाली बाई."

"मूळ कागद नेला होतात?"

"नाय ओ. तुमचो नियम असा ना. हंयच बाकावर ठेवन फोटो काढलंय. नि तिका धाडलंय व्हॉट्सअ‍ॅपवर. संध्याकाळी कोर्टातून येताना उचलले." मग ते शहरी मराठीवर आले. "सर पाचच्या गाडीने पुण्याला चालले होते. सेट फाइलला लागलेला पाहिजे म्हणाले. माझा कोड त्या दिवशी सकाळीच संपला होता. तुम्हाला फोन केला होता मी."

मी फोन पाहिला. गुरुवार, दुपारी तीन वाजून बारा मिनिटं. एक मिनिट चाळीस सेकंद. मी त्या दिवशी बोरिवलीला होते, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. संभाषण मला आठवत होतं. काका म्हणाले होते, फक्त तीन कागद आहेत. मी म्हणाले होते, नियम सगळ्यांना सारखा, उद्या आल्यावर सुरू करते. कोड माझ्या फोनवरूनही सुरू करता आला असता. चार वेळा बोट लावावं लागलं असतं.

"कुणाच्या तरी कोडवर काढायच्या," मी म्हणाले.

"दुसऱ्याचा कोड वापरायचा नाही. पान दोन."

झेरॉक्सच्या दुकानात मी शुक्रवारी गेले. कोर्टाच्या फाटकासमोरच्या ओळीतलं ते चौथं दुकान. पूर्वी तिथे टायपिंगची मशिनं होती, बाईंचे मिस्टर चालवायचे. आता दोन प्रिंटर, एक कॉम्प्युटर, कोर्टाला लागणाऱ्या हिरव्या जाड कागदाची थप्पी, आणि कारकुनांना बसायला एक बाक. आमच्या ऑफिसचा प्रिंटर तो हिरवा कागद नीट ओढत नसे, त्यामुळे आमचेच नव्हे, आसपासच्या सगळ्याच ऑफिसांचे कागद वर्षानुवर्षं त्या दुकानातून निघत होते. माझ्या चार पानांच्या नियमांत त्या दुकानाचा उल्लेख नव्हता.

मी ओळख सांगितली आणि विचारलं की व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले कागद प्रिंट झाल्यावर कुठे जातात.

"कुठे जातात म्हणजे?" बाईंना प्रश्नच कळला नाही. "इथेच असतात. आमच्याकडे कागद हरवत नाही. क्लार्क लोक चार महिन्यांनी येतात, मावशी, तो मागचा काढा. कुठून काढणार मी?"

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. स्क्रीनवर फोल्डर होते, ओळीने लावलेले, आणि प्रत्येकाचं नाव म्हणजे दाव्याचा नंबर आणि वर्ष.

"नाव लिहीत नाही?"

"नावं कोण लक्षात ठेवतो? नंबर सांगितला की झालं. सगळे नंबरच सांगतात."

मी आमच्या दाव्याचा नंबर सांगितला. त्यांनी उघडलं. आमचा दावा. त्यांची कैफियत. आमचा अर्ज, त्यांचं उत्तर. आमच्या बाईंचं प्रतिज्ञापत्र, भावाचं प्रतिज्ञापत्र. शेवटी एक फोटो, मागच्या गुरुवारची तारीख, कोपऱ्यात अंगठा.

"हे दोन्ही बाजूंचं आहे," मी म्हणाले.

"हो मग. एकाच केसचं ना."

"गुरुवारनंतर हा फोल्डर कुणी मागितला होता?"

त्यांच्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे त्यांनी लगेच सांगितलं. "त्यांचा क्लार्क मागच्या शुक्रवारी आला होता. मावशी, मंगळवारी तारीख आहे, साहेबांना आख्खा सेट पाहिजे, ह्या नंबरचं असेल ते सगळं काढा. काढून दिलं."

"आमचंसुद्धा?"

"अहो, त्यांच्याकडे तुमचं असतंच की. तुम्हीच देता ना कोर्टात."

"हा एक दिलेला नव्हता."

त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ते मला कसं कळणार? त्याच्यावर लिहिलंय का?"

लिहिलेलं नव्हतं.

"दोन बाजू वेगळ्या ठेवायला पाहिजेत," मी म्हणाले.

"त्या कोर्टात. इथे तुमचे काका आणि त्यांचा माणूस ह्याच बाकावर बसून एक चहा दोघांत पितात."

मी फोटो पुसायला सांगितला. त्यांनी पुसला. मग मी आमच्या ऑफिसचे सगळे कागद पुसायला सांगितले. त्या म्हणाल्या, तुमचे कुठले ते तुम्हीच बघा, आणि खुर्ची रिकामी करून दिली. मी दोन तास बसले. तेवढ्यात काउंटरवर चार कारकून आले. चौघांनी नंबर सांगितले.

समोरच्या वकिलांना तो कागद नेमका केव्हा दिसला, दिसल्यावर ते काय म्हणाले, भावाला उत्तर कुणी सुचवलं, हे मला कळलेलं नाही. सुनावणीच्या आधीच्या शुक्रवारी सेट गेला आणि मंगळवारी उत्तर आलं, एवढंच खात्रीने सांगता येतं.

सोमवारी सकाळी मी सरांना एक पान दिलं. पहिल्या ओळीत काय झालं, दुसरीत कुठून, तिसरीत का. वर्तमानपत्रात होते तेव्हा चुकीची बातमी गेली की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दुरुस्तीची चौकट जायची. दोन ओळींची असायची, कोपऱ्यात असायची, पण जायची.

सरांनी पान वाचलं, पालथं ठेवलं. "हे कुणी कुणी पाहिलंय?"

"तुम्ही."

"काकांना जायला सांगावं लागेल."

"त्यांनी एकही नियम मोडलेला नाही. फोटो काढू नये असं आपल्या नियमांत नव्हतं."

"मग चूक कुणाची म्हणायची?"

"तिसरी ओळ, सर."

त्यांनी पान पुन्हा उलटं केलं आणि तिसरी ओळ वाचली. तिसऱ्या ओळीत काकांचा फोन, त्याची वेळ आणि माझा नकार होता.

"अशिलाला तीन दिवसांत कळवायचं आहे," मी म्हणाले. "शुक्रवारी आपल्याला कळलं. आज तिसरा दिवस."

"तो नियम मोठ्या कंपन्यांसाठी आहे हो. त्या काम देण्याआधी प्रश्नावली पाठवतात, त्यात तो रकाना असतो. तुम्हीच भरता." त्यांचा आवाज चढला नव्हता. "हिला कळवून काय होणार? ही वकील बदलणार. नवा माणूस पहिल्यापासून फाइल वाचणार. दोन-तीन वर्षं आणखी. आणि कागद तसाही कच्चाच होता."

"तुम्हीच म्हणाला होतात, या कागदावर त्याची साक्ष मोडेल."

"म्हणालो होतो. ही नोट माझ्या फोल्डरमध्ये टाका. दुसरीकडे ठेवू नका."

त्या फोल्डरला सरांशिवाय कुणाचा प्रवेश नव्हता. तशी व्यवस्था मीच केली होती. साडेअकरापर्यंत मी नोट तिथे टाकली आणि माझ्या मशीनवरची पुसली.

काकांना मी सांगितलं की सर कळवू नका म्हणतायत.

"मी सांगतंय तिका," ते म्हणाले.

"काका, नको."

"सरांचा काय जाता? सरांनी तिचे बोंबील खाल्ले नाय." ही गोष्ट खरी होती. दर महिन्याला ती काकांसाठी वर्तमानपत्रात गुंडाळून सुके बोंबील आणायची, आणि सर एसी दुरुस्त करणाऱ्याला फोन करायचे की वास कसला येतोय ते बघा.

पुढच्या रविवारी काका दहिसरहून कोळीवाड्यात गेले. सोमवारी मी विचारलं.

"गेलंय. बसलंय. तिनी च्या केल्यान. बर्फाचा भाव बोललो, सुनेला दिवस गेलेत ते बोलली." ते नोंदवहीत सही करत होते. "मग तोंड उघडलंय, नि पाणी मागलंय."

पुढच्या दोन तारखांना उरलेली उलटतपासणी झाली. भाऊ सही मान्य करत होता, मजकूर नाकारत होता. मजकूर कुणी आणि कधी लिहिला हे सांगू शकणारे तिघेही वारलेले होते. कागद पुरावा म्हणून वाचायचा की नाही हे निकालाच्या वेळी ठरवू, असा शेरा कोर्टाने मारला. एप्रिलमध्ये समोरच्या बाजूने तडजोडीचा प्रस्ताव आला: पुढच्या खोलीच्या बदल्यात दहिसरला, नाक्याच्या अलीकडे, एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली.

सरांनी तिला ऑफिसात बोलावलं. मी कागद घेऊन होते. काका दारापाशी उभे होते.

"लढलात तर हातात काहीच न राहण्याची शक्यता जास्त आहे," सर म्हणाले. "हे घेतलंत तर डोक्यावर छप्पर तरी."

"तिसऱ्या माल्यावर बरफ कोन चढवल?"

"लिफ्ट आहे."

"लिफ्टात मासली घेतात?"

सरांनी कागदाकडे पाहिलं. "सोसायटीचे नियम बघावे लागतील."

ती म्हणाली, "साहेब, त्याला कसा कलला?"

"होतं असं. घरातल्या गोष्टी घरात राहत नाहीत."

तिने मान माझ्याकडे वळवली. "बाय, तुझे मशिनीत सगला लिवलेला असते ना? कोन आला, कोन गेला. बघ ना जरा, कुनी सांगितला."

"मशीनमध्ये काही नाही," मी म्हणाले.

मशीनमध्ये खरंच काही नव्हतं.

"मग सूनच," ती म्हणाली. "देव पुसाला डबा उचलते ती. तिनंच पायला असल." सरांनी प्रस्तावाचा कागद पुढे ओढला. काका दारापाशी नव्हते; ते केव्हा बाहेर गेले हे मी पाहिलं नाही.

तडजोडपत्रावर तिने जूनच्या पहिल्या आठवड्यात सही केली. तिला सही करता येत होती, वाचता येत नव्हतं. कागद मी तिला वाचून दाखवला, नऊ कलमं, सावकाश. सातव्या कलमात तो फुलस्केप रद्दबातल समजला जाईल असं होतं. तिने विचारलं, म्हणजे फाडायचा का? मी म्हणाले, नाही, फक्त त्याला अर्थ राहणार नाही. तिने तो परत मागितला. मी कपाटातून काढून दिला आणि नोंदवहीत पोच घेतली.

पुढच्या खोलीचा ताबा एका शुक्रवारी दुपारी पावणेतीन वाजता दिला गेला. ताबा पावतीवर साक्षीदार म्हणून दोन्ही ऑफिसांच्या कारकुनांच्या सह्या आहेत. मुलगा आणि सून तिच्याबरोबर दहिसरला गेले नाहीत. सून सातव्या महिन्यात होती. ती दोघं कांजूरमार्गला भाड्याने राहायला गेली. मुलाने ऑफिसात एकदा फोन केला होता, आईने बायकोवर कशाचा आळ घेतलाय हे तुम्हाला माहीत आहे का, असं विचारायला. फोन रिसेप्शनवर आला. तो कुणाकडेच जोडला गेला नाही.

काका ऑगस्टमध्ये निवृत्त झाले. मी डिसेंबरअखेर ते ऑफिस सोडलं. निघताना माझा कोड त्याच संध्याकाळी सहा वाजता बंद करण्यात आला.

काका आणि ती आता एकाच उपनगरात राहतात. काकांशी माझं शेवटचं बोलणं गेल्या नोव्हेंबरात झालं. त्यांनी सांगितलेलं मी नंतर स्वतः जाऊन पाहिलं. ती नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दवाखान्याच्या पायरीशेजारी, सकाळी नऊ ते बारा बसते. पुढ्यात एक टोपली असते. टोपलीत सुकट, जवळा आणि बोंबील असतात. ओली मासळी ती ठेवत नाही.